बक्षीस अठरा टोपल्या

वस्तू परत कशी करावी, हे मला कोणी शिकवू नये. मी ग्रंथपाल आहे. सतरा वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. पुस्तक न्यायला येणारा माणूस हसत येतो आणि परत करायला येणारा खोकत येतो, हे मला पाठ आहे. नऊ वर्षं गादीखाली दडलेला एक शब्दकोश मी आवाज न चढवता परत मिळवला आहे. त्यामुळे बाबांच्या कपाटातून दुसऱ्यांच्या बेचाळीस डिस्क निघाल्या तेव्हा मी आईला म्हटलं, "एका रविवारचं काम आहे. नऊला सुरुवात केली तर साडेदहाला घरी!"

आई म्हणाली, "बरं."

आईच्या 'बरं'चा अर्थ एव्हाना मला कळायला हवा होता.

आधी खेळ सांगते, कारण मलाही तो धड माहीत नव्हता. गोल्फसारखाच, पण चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती असते, बशीहून मोठी आणि ताटलीहून लहान. भोकाऐवजी खांबावर लोखंडी टोपली असते आणि तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. चकती फेकायची, ती पडेल तिथवर चालत जायचं, तिथून पुन्हा फेकायची. टोपलीत पडली की पुढची टोपली. अशा अठरा. या चकतीला डिस्क म्हणतात. आई तिला ताटली म्हणते. ही ताटली झुडपात हरवते, तळ्यात बुडते, भिंतीपलीकडे जाते. म्हणून खेळणारे तिच्या पोटावर आपला फोन नंबर लिहून ठेवतात. ज्याला सापडेल त्याने फोन करायचा.

बाबा वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर होते. ते दुकानात शिरून नुसते तराजूकडे बघायचे आणि दुकानदाराला घाम फुटायचा. निवृत्तीनंतर कोणाला घाम फुटेना, म्हणून त्यांनी हा खेळ धरला, असं आईचं मत आहे.

त्यांची स्वतःची डिस्क एकच. नारिंगी. ती अकराव्या टोपलीपाशी हरवली. घरी आल्यावर ते म्हणाले, "नंबर लिहिलेला आहे. कोणीतरी फोन करेल." आणि खिशातला फोन काढून टेबलावर, अगदी डोळ्यांसमोर ठेवला. नऊ दिवस तो तिथे होता. दहाव्या दिवशी सकाळी पेपर वाचता वाचता बाबा खुर्चीतच गेले. तोवर फोन आलेला नव्हता.

याला दोन महिने झाले. फोन अजून टेबलावर आहे. आई तो रोज चार्जिंगला लावते. वाजला की अंघोळ अर्धी टाकून धावत येते. एका विमा एजंटला तिने, "ते नाहीत, पण तुमच्याकडे नारिंगी ताटली आहे का?" असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

मी म्हटलं, "आई, हा नंबर आपण आता बंद करू या."

"त्यांची ताटली येऊ दे. मग कर बंद."

म्हणजे काम स्पष्ट होतं. नारिंगी डिस्क मिळाली की फोन बंद. माझा हिशेब असा, की बाबांकडच्या डिस्क आपण मोठ्या मनाने परत केल्या, तर त्या मंडळींपैकी कोणीतरी झुडपात दोन पावलं जास्त आत जाईल. नारिंगी डिस्कवर बाबांच्या अक्षरात दोन ओळी होत्या, हेही एक कारण होतं. ते मी आईला सांगितलं नाही.

कपाटातल्या प्रत्येक डिस्कला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती. 'सहाव्या टोपलीमागे, काटेरी झुडपात. मालकास कळवले. पूर्तता नाही.' 'भिंतीपलीकडे, पत्र्यावर. मालकास तीनदा कळवले. पूर्तता नाही.' बेचाळीस चिठ्ठ्या, बेचाळीस वेळा 'पूर्तता नाही'. मी तिकडे लक्ष दिलं नाही. बाबांची भाषाच तशी होती. आईने मागवलेली कोथिंबीर आणायला विसरले तरी ते घरात शिरताना "पूर्तता झाली नाही" असंच म्हणायचे.

मी मेसेज लिहायला बसले. तीनदा लिहिला, दोनदा खोडला. शेवटी उतरला तो असा:

'आपली हरवलेली डिस्क आमच्याकडे सुरक्षित आहे. रविवारी सकाळी नऊ वाजता मैदानावर, पहिल्या टोपलीपाशी येऊन घेऊन जावी. कोणतेही बक्षीस नको. कोणतीही अट नाही. ता. क. नारिंगी डिस्क कोणास सापडली असल्यास कळवावे.'

स्वच्छ, नेमका, विनम्र मेसेज. आजही त्यातला एक शब्द मी बदलणार नाही.

"कुठल्या फोनवरून पाठवतेस?" आईने विचारलं.

"माझ्या."

"अनोळखी नंबर कोण उघडतंय? फसवाफसवी वाटेल लोकांना. त्यांच्या फोनवरून पाठव. सगळ्यांचे नंबर त्यातच आहेत."

होतेच. फोनला कुलूप नव्हतं, कारण बाबांच्या मते कुलूप चोराच्या फोनला लागतं. माणसांची नावंही त्यांनी आपल्या पद्धतीने साठवली होती. 'दातांचे डॉक्टर (मनगट ढिलं)'. 'बँकवाली (वारा बघत नाही)'. 'कुलूपवाला (घाई)'. 'पाणबुड्या (चांगला, पण ऐकत नाही)'. अशी एकोणीस माणसं, एकोणीस दोष.

"खाली नाव घालू का?" मी विचारलं.

"कशाला? नंबर ओळखतात की."

मी मेसेज पाठवला. शनिवारी सकाळी सव्वादहाला, एकाच वेळी, एकोणीस जणांना, दोन महिन्यांपूर्वी वारलेल्या माणसाच्या फोनवरून.

हे मला सव्वादहा वाजून दोन मिनिटांनी लक्षात आलं.

पहिला फोन बँकवालीचा. मी उचलला. पलीकडे नुसता श्वास.

"हॅलो?" मी म्हटलं.

"कोण बोलतंय?"

"मी त्यांची मुलगी."

"म्हणजे काका... मला असं कळलं होतं की काका..."

"हो. दोन महिने झाले."

"मग हा मेसेज कोणी केला?"

"मी."

"त्यांच्या फोनवरून?"

"हो."

"अहो, मी गाडी चालवत होते! डायरेक्ट फुटपाथवर चढवली!"

मी दिलगिरी व्यक्त केली. ती ठीक होती, गाडी ठीक होती, फुटपाथचं मी विचारलं नाही. तेवढ्यात दुसरा फोन वाजला आणि तो आईने माझ्या हातातून घेतला. घोगरा, चाचरता आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "काका, तुम्ही गेलात असं ऐकलं होतं..."

"गेलेच आहेत हो," आई धीर देत म्हणाली. "काही काळजी करू नका."

ज्यांना काहीच कळलेलं नव्हतं, त्यांचे मेसेज येत होते. मला वाटलं होतं आभार येतील.

'काका, माझी बदली झाली.'

'गुडघ्याचं ऑपरेशन आहे. रविवारीच.'

'डिस्क तुम्हीच ठेवा काका. मनापासून सांगतो.'

'मी खेळ सोडला.'

'कोणतीही अट नाही म्हणजे नक्की काय? यात काय मेख आहे?'

गुडघ्यावाल्याचा पाच मिनिटांनी पुन्हा आला. 'दोन्ही गुडघे.'

मी चक्रावले. लोकांची वस्तू लोकांना फुकट परत देतेय, आणि लोक अवयव कापून घ्यायला तयार आहेत! हा काय प्रकार आहे?

खुलासा दातांच्या डॉक्टरांनी केला. बाबा गेल्यावर ते घरी भेटून गेले होते, त्यामुळे त्यांचा धक्का इतरांहून खोल होता.

"रूट कॅनाल चालू होतं," ते म्हणाले. "फोन ट्रेमध्ये होता. नाव दिसलं. भूल पेशंटला दिली होती, पण खुर्चीत मी बसलो."

"आणि पेशंट?"

"त्याने मला पाणी दिलं."

मी पुन्हा दिलगिरी व्यक्त केली. मग विचारलं, "डॉक्टर, एक सांगा. लोक आपली डिस्क घ्यायला घाबरतात का?"

माणूस सभ्य होता. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"हे बघा ताई, या खेळात एक रीत आहे. डिस्क सापडली की फोन करायचा. मालक येतो, म्हणतो, 'काहीतरी घ्या.' आपण म्हणायचं, 'छे छे.' तो परत म्हणतो, 'नाही, काहीतरी घ्याच.' आपण परत, 'छे छे.' मग डिस्क द्यायची आणि घरी जायचं. बक्षीस विचारायचं असतं, घ्यायचं नसतं. आणि मागायचं तर अजिबातच नसतं. सगळे पाळतात."

"मग?"

"तुमचे बाबा पहिल्या 'काहीतरी घ्या'लाच म्हणायचे, 'घेतो.'"

माझे कान तापले. चाळीस वर्षं दुकानदाराच्या घरचा चहासुद्धा न घेतलेला माणूस! मी खाली बसले. "काय घ्यायचे?"

"अठरा टोपल्या."

"म्हणजे?"

"पूर्ण फेरी. त्यांच्याबरोबर खेळायची. पहिल्या टोपलीपासून अठराव्यापर्यंत. ती झाली की डिस्क मिळणार. तोवर ती त्यांच्या कपाटात."

"एवढंच?"

"एवढंच?" डॉक्टरांचा आवाज चढला. "ताई, साडेतीन तास लागायचे! प्रत्येक फेकीआधी खिशातून रुमाल काढून वारा बघायचे. फेकीनंतर मोजपट्टी. मग मनगटावर भाषण. अकराव्या टोपलीपाशी थर्मास उघडायचे आणि तेलवाल्याच्या मापांची गोष्ट सांगायचे. दर वेळी तीच गोष्ट. मी माझ्या तीन डिस्क सोडवल्या आहेत त्यांच्याकडून. तीन! चौथी हरवली तेव्हा मी सरळ नवी घेतली. तुम्ही कधी खेळलात त्यांच्याबरोबर?"

"नाही," मी म्हटलं.

बाबा शनिवारी संध्याकाळी माझ्या दारात उभे राहून विचारायचे, "उद्या येतेस का?" आणि मी हातातल्या पुस्तकाचं पान न उलटता म्हणायचे, "पुढच्या रविवारी." वाचनाचा हा तोटा कोणी लिहून ठेवलेला माझ्या पाहण्यात नाही.

रविवारी पावणेनऊला आम्ही मैदानावर पोहोचलो. मी ग्रंथालयाच्या चार कापडी पिशव्या भरून डिस्क नेल्या होत्या. शिवाय एक घडीचं टेबल आणि 'वस्तू मिळाल्याची सही' असा रकाना आखलेली वही. आईच्या एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात बाबांचा फोन.

बाबा गेल्याचं मी आदल्या दिवशी सगळ्यांना कळवलं होतं. अकरा जण आले होते, पण टेबलाजवळ कोणी येईना. सगळे लांब झाडाखाली उभे होते, मुदत उलटलेली पुस्तकं पोटाशी धरून उभे राहावेत तसे. अखेर दातांचे डॉक्टर पुढे आले. मी डिस्क पुढे केली, त्यांनी सही केली आणि सवयीने म्हणाले, "काहीतरी घ्या."

"छे छे," मी म्हटलं. रीत मला कळलेली होती.

"नाही, काहीतरी घ्याच."

"छे छे."

ते डिस्क घेऊन बाजूला झाले. झाडाखालचे लोक बघत होते. मेख नाही हे दिसल्यावर रांग लागली. मग जे सुरू झालं त्याला अंत नव्हता. माणसामागे दोन 'काहीतरी घ्या', दोन 'छे छे'. कुलूपवाल्याच्या पाच डिस्क होत्या आणि तो प्रामाणिक माणूस प्रत्येक डिस्कला वेगळं विचारत होता. बँकवालीने तीनदा विचारलं, कारण बँकेत तसंच करतात म्हणे. गुडघ्यावाला दोन्ही धडधाकट गुडघ्यांनी चालत आला आणि माझ्याकडे न बघता सही करून बाजूला सरकला. साडेदहा वाजले तेव्हा रांग निम्मीही सरली नव्हती. माझ्या घशाला कोरड पडली होती.

पुढचा माणूस म्हणाला, "काहीतरी घ्या."

"घेते," आई म्हणाली.

रांग हलायची थांबली. मी आईकडे बघितलं. आई त्या माणसाकडे बघत होती.

"क-काय घेता, काकू?"

"ती तेलवाल्याची गोष्ट सांगा."

"आता?"

"मग कधी? तुम्हाला सांगितली आहे ना त्यांनी?"

"चार वेळा," तो म्हणाला आणि पिशवी खाली ठेवून उभा राहिला. "काका एका तेलवाल्याच्या दुकानात गेले. त्याच्याकडे पाच मापं होती आणि पाचही मापांना बुडाशी पोचा."

"सहा मापं," मागून कुलूपवाला म्हणाला.

"पाच! मला काकांनी पाच सांगितली."

"तुम्ही लक्ष दिलं नसेल. म्हणून तुमची डिस्क नेहमी डावीकडे जाते."

"ते सोडा. तर काका म्हणाले, 'हे पोचे कशाने?' तेलवाला म्हणाला, 'साहेब, मापं हातातून पडली.' काका म्हणाले, 'पाचही?' 'हो.' 'आणि पाचही एकाच जागी आपटली?'"

इथे सगळे एकदम हसले. गोष्ट पाठ असलेली माणसं हसतात तसं, थोडं आधीच.

"आणि मग तेलवाला मागच्या दाराने पळून गेला!" बँकवालीने गोष्ट पुरी केली.

"पळाला वगैरे नाही," आई म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं ऐकतेय मी. पळून कुठे जाणार, घर वरच्या मजल्यावर होतं त्याचं. तो रडला. मग ह्यांनी त्याच्याबरोबर बसून हातोडीने सगळे पोचे काढून दिले, आणि संध्याकाळी उशिरा घरी आले म्हणून मी रागावले. मापं चार होती."

बँकवालीने उगाच आपल्या डिस्कवरची माती पुसली.

"पुढचा," आई म्हणाली.

सगळ्यात शेवटी उरला तो पाणबुड्या. पन्नाशीचा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत ओली. तळ्यात शिरून डिस्क काढण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पिशवीत त्याच्या सात डिस्क होत्या. सातही चिठ्ठ्यांवर बाबांनी 'पूर्तता नाही'च्या पुढे 'हट्टी' असा जास्तीचा शेरा मारला होता.

त्याने सही केली नाही. काखेतलं टॉवेलचं बोचकं टेबलावर ठेवलं आणि उलगडलं.

नारिंगी.

मी ती उलटी केली. पोटावर बाबांचं अक्षर, पट्टी ठेवून लिहिल्यासारखं सरळ. नंबर, आणि खाली: 'सापडल्यास कळवावे. आभारी आहे.' हरवायच्या आधीच आभार मानून मोकळे झाले होते.

"कधी सापडली?" आईने विचारलं.

"हरवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, काकू."

"मग फोन नाही केलात?"

पाणबुड्या आपल्या ओल्या पँटकडे बघत राहिला. "माझ्या सात अडकल्या होत्या त्यांच्याकडे. म्हटलं, एकदा तरी काकांनी मला फोन करावा. विचारावं, 'बाबा रे, माझी सापडली का?' मग मी म्हणणार होतो, 'अट आहे.' नुसती मजा, दुसरं काही नाही. मी वाट बघत होतो."

"तेही वाट बघत होते," आई म्हणाली.

"मग कळलं, काका गेले. मग कसा फोन करणार? उचलणार कोण?"

"मी उचलला असता."

तो माणूस अंगाने आडदांड होता, पण त्या क्षणी टेबलामागे लपता आलं असतं तर लपला असता. आईने थर्मास उघडला, झाकणात अर्धा कप चहा ओतला आणि त्याच्यापुढे धरला. तो प्यायला. मग आईने नारिंगी डिस्क जवळ ओढली आणि रीतसर म्हणाली, "काहीतरी घ्या."

"छे छे, काकू."

"नाही, काहीतरी घ्याच."

पाणबुड्याने तोंड पुसलं. "घेतो," तो म्हणाला.

"काय?"

"अठरा टोपल्या." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्याबरोबर. दर काकांनीच ठरवून ठेवलाय."

"मला खेळता येत नाही!" मी म्हटलं.

"काकांनाही येत नव्हतं."

मी दातांच्या डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. कुलूपवाल्याने पण. अकराच्या अकरा माना खाली गेल्या.

"त्यांना सल्ला उत्तम येत होता," बँकवाली हळूच म्हणाली.

साडेदहाला घरी पोहोचणार होते ती मी, पावणेबाराला ऑफिसच्या चपला घालून पहिल्या टोपलीसमोर उभी होते. उसनी डिस्क हातात, मागे अकरा सल्लागार आणि आई. पहिली फेक माझ्याच मागे गेली. हे कसं झालं ते डॉक्टरांना सांगता येईना, आणि ते शिकलेले आहेत. दुसरी फेक घडीच्या टेबलावर. तिसऱ्या टोपलीपाशी कुलूपवाल्याने खिशातून रुमाल काढून वर धरला. "वारा बघा." सातव्या टोपलीपाशी बँकवालीने माझं मनगट पकडलं. "ढिलं सोडू नका." नवव्या टोपलीपाशी कोणीतरी मोजपट्टी काढली! म्हणजे हे लोक घरून निघतानाच ती खिशात घालून आले होते. सगळे बोलत होते आणि सगळे एकाच माणसासारखे बोलत होते. साडेतीन तासांचा त्यांना कंटाळा यायचा, हे मला आता पटेनासं झालं होतं. मला मात्र तो अगदी मनापासून आला होता.

अकरावी टोपली तळ्याच्या पलीकडे आहे. आईने थर्मासमधला उरलेला चहा वाटला आणि मला नारिंगी डिस्क दिली. "ही त्यांच्या ताटलीने टाक."

"आई, समोर तळं आहे."

"मला दिसतंय."

"आत्ताच मिळाली आहे. गेली तर?"

"नंबर लिहिलेला आहे," आई म्हणाली.

मी डिस्क हातात घेतली. अंगठा नेमका 'आभारी आहे'वर पडला. रुमाल वर गेला, वारा मागचा निघाला. मनगट घट्ट होतं. मी फेकली.

मला खेळातलं काही कळत नाही, पण ती फेक सुंदर होती, हे अकरा जण शपथेवर सांगतील. डिस्क एका रेषेत निघाली, तळं ओलांडलं, टोपलीच्या साखळ्यांना छान लागली. छण्ण! सगळे ओरडले. मीही ओरडले. मग ती साखळ्यांवरून उसळली, उतारावर कडेने उभी राहिली, आणि चाकासारखी, अजिबात घाई न करता, गडगडत पुन्हा तळ्याकडे आली.

बुडुक.

रुमाल खाली आला.

पाणबुड्या पँट आणखी वर करून आत उतरला. पाऊण तास तो पाण्यात होता. काठावरून सगळे त्याला सल्ले देत होते, आणि बाबांनी लिहिलं होतं तसंच, तो ऐकत नव्हता. शेवटी तीन डिस्क घेऊन बाहेर आला. एक हिरवी, एक पांढरी, एक जांभळी. तिघींवर कोणाकोणाचे अनोळखी नंबर. नारिंगी नव्हती.

"गाळ फार आहे, काकू," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी बघतो."

उसन्या डिस्कने अकरावी आणि तिच्यापुढच्या सात टोपल्या मी पुऱ्या केल्या. अट म्हणजे अट. घरी पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. मी चपला काढून सोफ्यावर आडवी झाले आणि डोळ्यांवर हात घेतला. आई टेबलाशी गेली. बाबांचा फोन चार्जिंगला लावल्याचा आवाज आला.

"तो बंद करायचा होता ना?" मी विचारलं.

"ताटली कुठे मिळाली?"

मग ओल्या डिस्कवरचा एकेक नंबर बघत आई बटणं दाबू लागली. "हॅलो, तुमची हिरवी ताटली सापडली आहे हो... छे, आभार कसले... नाही, तसं बक्षीस आहे." तिने पांढरी ताटली जवळ ओढली. "अठरा. माझी मुलगी येईल खेळायला. रविवारी रिकामीच असते ती."

तर वाचकहो, नारिंगी रंगाची, पोटावर सरळ अक्षर असलेली डिस्क तुम्हाला कुठे सापडली, तर तिच्यावरच्या नंबरवर फोन करा. फोन चालू आहे. आई म्हणेल, "काहीतरी घ्या." कृपा करून छे छे म्हणू नका.